हनुवटीखालची गाठ

— डोक्याला बांधायला टोपलीतला कुठलाही रुमाल घे, पोरी, पण तो निळ्या फुलांचा नको. ठेव खाली. ठेव म्हणते ना! हां... रागावू नकोस. चर्चच्या दारातली मेणबत्तीवाली तोदोसिया खाष्ट आहे, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, पण तू पडलीस शहरातली. लग्न झालंय? नाही ना? मग आमच्याकडे तुला रुमाल लागतच नाही — कुमारिका वेणी मोकळी टाकून येतात, लग्नाच्या दिवशी रुमाल बांधला की तो मग शवपेटीपर्यंत. माझी रोदिका पण अशीच उभी राहायची, तिथे, डावीकडे, पोरींच्या रांगेत. कंबरेपर्यंत वेणी! मीच घालायचे. मग एका उन्हाळ्यात म्हणाली, आई, मला दिवस गेलेत. पोरगा? तो पळाला. कुणाला सांगू नकोस, म्हणाली. नाही सांगितलं मी, जीभ आवरून बसले. पण मरियामातेच्या सणाला ती आली मोकळ्या वेणीने, त्याच रांगेत — आणि मला वाटलं, देवासमोर तरी खोटं नको. संत पौलाने लिहून ठेवलंय ना, बाईने डोकं झाकून प्रार्थना करावी, देवदूतांसाठी? गेले, हाच निळ्या फुलांचा रुमाल टाकला तिच्या डोक्यावर, हनुवटीखाली गाठ मारली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही! काढायची गरजच काय — सगळ्या माना वळल्या. देवदूतांचं मला ठाऊक नाही, गावाने मात्र डोळे भरून बघितलं.

ती रडली नाही गं. गाठही सोडली नाही. प्रार्थना संपेपर्यंत उभी राहिली, आणि सोमवारी इटलीच्या बसमध्ये बसली. सोळा वर्षं झाली. एकदाच पार्सल आलं — हा रुमाल, धुतलेला, इस्त्री केलेला. चिठ्ठी नाही, पत्ता नाही. नात झाली की नातू, मला माहीत नाही. लोक विचारतात, मी सांगते, मजेत आहे. घरात ठेवला तर बघवत नाही, फेकवतही नाही, म्हणून इथे टोपलीत. पण कुणाला बांधू देत नाही.

अगं, तू का रडतेस? आणि पोटावर हात कशाला... नाही. मी काही विचारलं नाही. मी काही बघितलं नाही. घंटा झाली, जा आत. डोक्याला काही नको, तशीच जा, पोरींच्या रांगेत उभी राहा. वेणी पुढे घे — दिसू दे सगळ्यांना. माझ्याकडे काय बघतेस? जा म्हणते ना!