तळ्यावरची हाक

धुक्यात मी होडी का काढत नाय, विचारता ना? ऐका मग. आपण थळच्या किनाऱ्यावरची माणसं. धुक्यात समोरून हाक आली की ओ द्यायचीच, नायतर होड्या आदळतात.

गेल्या साली हिमाचलात ट्रेकला गेलो होतो. डोंगरावरच्या तळ्यात, पिसांची खोटी माशी गळाला बांधून ट्राउट मासे धरत होतो. धुकं उतरलं आणि पाण्यावरून हाक आली, “होऽऽ!”

सवयीने मीही ओरडलो, “होऽऽ!”

पुढची हाक जवळून आली. मी परत ओ दिली.

गाईडने माझा हात घट्ट धरला. “भैया, जवाब मत दो. इस झील में कोई नाव नहीं है.”

मी गप्प झालो. हाकही थांबली.

मग माझ्या पायाशी काठावरची खडी करकरली. होडी वर ओढताना करकरते ना, अगदी तशी.