अर्धी गोळी

नऊ मे. ऊन असं रणरणत होतं की दवाखान्याच्या बाकाचा लोखंडी दांडा हाताला चटका देत होता, आणि आमची ही स्वेटर घालून बसलेली! वर मलाच विचारते, "पंखा... कुणी... लावला?" तुम्हाला सांगतो, तक्रार पंख्याची नाहीच हो. तक्रार त्या 'पंखा' आणि 'लावला' यांच्या मधल्या जागेची! एके काळी या बाईच्या दोन शब्दांत सुई शिरत नव्हती!

टायपिंगच्या क्लासात माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. बोटं पळतायत, मान माझ्याकडे, आणि तोंडाचा पट्टा, "ओळ सोडलीत, कागद तिरका आहे, कोपर आत घ्या!" सगळं एका दमात, आणि तिकडे एक अक्षर चुकत नाही! एकदा माझं खोडरबर हरवलं, तर तिनं स्वतःचं कडकन मोडलं. "अर्धं तुमचं, अर्धं माझं. उद्या मागायचं नाही." मी दुसऱ्या दिवशी मागितलं... म्हणून तर लग्न झालं!

तेव्हापासून घरात तोच कायदा. चहा एक कप, कपात ती, बशीत मी. पेपर मधोमध फाडायचा, खून-दरोडे तिच्याकडे, हवामान माझ्याकडे. पांघरूणसुद्धा अर्धं तुमचं, अर्धं माझं. तिचं अर्धं जरा मोठं, पण कुणाला सांगू?

आणि गेल्या वर्षापासून हे मशीनच मंदावलं हो. आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा. मी हौसेनं भांडण काढावं, तर तिचं उत्तर येईपर्यंत माझाच राग निघून जायचा! बहीण म्हणते, "अरे, वय झालं तिचं." मुलगी म्हणते, "बाबा, आई शांत झालीय, तुमचं बरंच झालं की!" बरं? अहो, रात्री बशी घासताना मुद्दाम आपटायचो मी, कुणीतरी ओरडावं म्हणून!

मग एप्रिलात दोघांना सर्दी. पाकिटात गोळी एकच. कडकन मोडली. अर्धं तुमचं, अर्धं माझं. जेवून दोघं आडवे झालो. मी चहाच्या वेळेला उठलो, आणि ही? दुसऱ्या दिवशी सकाळी! तेही, "कोण... आलंय?" असं विचारत. एकाच गोळीचे दोन तुकडे, माझा उतरला, तिचा मुक्कामाला राहिला! काय हसलो आम्ही! दिसेल त्याला मी हा किस्सा घोरण्यासकट करून दाखवायचो.

तर त्या नऊ मेला तिच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरवायला गेलो होतो. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी कुठल्या औषधाचा त्रास?" ही म्हणाली, "नाही." टेबलाखालून मला लाथही घातली, पण तीसुद्धा सावकाश. मी थांबतोय होय? रंगवून सांगितलं, घोरलोसुद्धा.

बाई हसल्याच नाहीत.

"काका, परत सांगा. कधी झोपल्या, कधी उठल्या?" मग हिचा गार हात धरला, गळा चाचपला, स्वेटरकडे बघितलं. "रक्त तपासू. तोवर मी भूल देणार नाही."

रिपोर्ट आला, थायरॉईड! बाई म्हणाल्या, "गळ्यातली ही ग्रंथी मंदावली की सगळं शरीर मंदावतं. औषध बाहेर पडायलासुद्धा वेळ लागतो, आणि गुंगी चढते ती दुप्पट. सर्दीच्या अर्ध्या गोळीनं ही गत, तर माझ्या औषधानंतर या कधी उठतील, ते मी सांगू शकले नसते." मग माझ्याकडे वळल्या. "आणि काका, गोळ्या वाटून खायच्या नाहीत. संसार एक असेल, शरीरं दोन आहेत."

कधी उठतील सांगता येत नाही... अहो, ते घोरणं माझ्या घशात अडकलं ते अडकलंच. तो किस्सा मी परत कुणाला सांगितला नाही. आज तुम्हालाच.

थायरॉईडची गोळी सुरू झाली. जूनमध्ये स्वेटर उतरला. जुलैत शब्दांमधली जागा भरत आली. ऑगस्टमध्ये रक्त ठीक आलं, मग ऑपरेशन. बाहेर बाकावर मी, पेपरचे दोन्ही अर्धे हातात, एकही अक्षर वाचलं नाही. आत बोलावलं. हिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बटणं वरखाली लावलीत, दाढी केली नाहीत, आणि पेपर असा चुरगळतात का?" एका दमात!

आता रोज सकाळी ती उपाशीपोटी गोळी घेते. पहिल्या दिवशी सवयीनं मी हात पुढे केला, तर म्हणाली, "ही अख्खी माझी." त्या गोळीनंतर तासभर चहा चालत नाही. चहाचा कायदा मात्र बदललेला नाही, अर्धं तुमचं, अर्धं माझं. म्हणजे गोळी तिची एकटीची, आणि तासभर रिकामी बशी घेऊन बसलेला मी.