परक्या पोरीची पाठवणी

(ब्राह्मणपुरी. कालच शहाद्याच्या सिनेमाच्या तंबूत धनुनं बापानं काम केलेला बोलपट पाहिला. आज बाप, कोरीटचा सनईवाला दोधू, तिच्या सासरी आला आहे. सासू गजराबाई, दोधूची ‘याहीण’ म्हणजे विहीण, ओट्यावर बसली आहे.)

धनु : परकी पोर व्हती ती, बाबा! तिन्हासाठे इतलं रडनात तुम्ही?

दोधू : अगं, अभिनय असतो तो.

धनु : आपली बोलीमा सांगा. मुंबईनी भाषा कंपनीमा ठेवी या.

गजराबाई : बोलू दे वं त्यास्ले! याही, मन्हा पदर वला व्हई गया तंबूमा. शेजारनी बाई ‘बिचारा बाप’ करी रडे. मी सांगं, मन्हा याही शे तो!

दोधू : काय सांगू, याहीणबाई! गेलो होतो सनई वाजवायला. लग्नाचा देखावा. मला बसवलं कापडाच्या झाडामागं. सनई ऐकू यावी, सनईवाला दिसू नये.

गजराबाई : मंग दिसनात कसा?

दोधू : बापाचं काम करणाऱ्या नटाला रडूच येईना. कांदा चोळला. डोळे सुजले, पाणी नाही. पोरगी गाडीत चढवायची, उतरवायची, परत चढवायची. शेवटी नट रुसून निघून गेला. सिनेमा काढणारे साहेब झाडामागं डोकावले. म्हणाले, “सनईवाले, हा फेटा बांधा आणि गाडीकडं नुसतं बघत उभे राहा.”

गजराबाई : आनि सनई?

दोधू : खाली ठेवली. साहेब “झालं, झालं” ओरडले, पोरगी गाडीतून उतरून चहा प्यायला लागली, तरी माझं रडणं चालूच!

धनु : हासू नका, आत्याबाई. मन्हं लगीन व्हतं तवय हाऊच माणूस मांडोमा हुभा व्हता. माले गाडीमा बसाडं, माय चक्कर ईसन पडनी. रेवजीकाका रडना. रेवजीकाका, जो कोनले हासीसन बी देखत नही! आनि मन्हा बाप? गाल फुगाडीसन सनई वाजाडी ऱ्हायना. गाव बोलनं, दोधूना जीव दगडना शे. मन्हा मनमा बी तेच बठेल शे.

दोधू : धनु…

धनु : काय धनु!

दोधू : सनई तोंडमा ऱ्हायनी का रडता येत नही वं, पोरी. श्वास तुटस, सूर तुटस. तुन्हा लगीनमा सूर तुटाले नको, बस. तुन्ही गाडी दिसे तवलोंग फुकत ऱ्हायनू. नंतर लोके जेवाले बठनात, मंडप सोडा… रडानं ऱ्हाईच गयं. तठे, सिनेमाना लगीनमा, पहिलांदा तोंड रिकामं व्हतं. आनि समोर गाडी.

गजराबाई : अरे देवा! मी तं काल त्या सिनेमानी पोरलेच आशीर्वाद दिधा.

धनु : आते काय, परत सिनेमा?

दोधू : साहेब सांगस, पुढला बोलपटमा बी बाप व्हय. मी सांगं, माले एकच पोर शे, दुसऱ्यांदा रडू कोठून लऊ? त्यापेक्षा चोरनं काम द्या.

धनु : चोर! हाई इतलं मोठं नाक लईसन? कोनी बी वळखी लई!

गजराबाई : याही, तुमनी गाडीले बैल जुपेल शेतस. ऊन उतरनं.

दोधू : मंग निंघू का वं, धनु?

धनु : निंघा. आनि बाबा, गाडीमा तोंड तिकडे नका करू. मन्हाकडे करी बठा.