आई जेवली का

मी वत्सला देवीदास सोमकुवर, वय ५६ वर्षे, धंदा अंगणवाडी मदतनीस, राहणार रेल्वे फाटकाजवळ, पांढुर्णा. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, इथे जबाब हिंदीत लिहितात आणि मला हिंदी बोलता येते, पण ही गोष्ट हिंदीत सांगवत नाही, म्हणून ठाण्याचे लेखनिक मुंशी हेमंत साहेबांनी ती मराठीत लिहून घेतली.

माझा मुलगा सुमेध नागपूरला नोकरीला होता. त्याचा कॉलेजातला जुना संगणक घरी पडून होता. मागच्या उन्हाळ्यात घरी आला तेव्हा त्याने तो उघडून आत वायफायचे कार्ड बसवले. तेव्हापासून घरभर इंटरनेट त्या डब्यातूनच यायचे. त्याला स्क्रीन नाही, काही नाही. वायफायचे नाव त्याने "आई जेवली का" असे ठेवले, कारण रोज फोनवर तो पहिले हेच विचारायचा. मी म्हटले, हे काय नाव, गल्ली हसेल. तो म्हणाला, "मी नाही विचारलं तं गल्ली विचारन." खरेच, शेजारची दीपाली भिंतीवरून ओरडायची, "काकू, आई जेवली का येऊनच नाही राहिलं."

पावसाळ्यात सुमेध कावीळ होऊन वारला. डबा मात्र चालू राहिला. मला त्यातले काही कळत नाही, मी फक्त धूळ पुसायची.

ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. डबा चोरीला गेलेला नाही. मी मोहगावला बहिणीकडे गेले असताना माझ्या पतीनेच तो तिगाव रोडवरच्या कुलदीप भंगारवाल्याला दिला. मी भांडले तेव्हा म्हणाले, "त्याचा पंखा घुरघुर करते. पोरगा अंदर बसून काम करून राहिला असं वाटते मले." मला तर तीच घुरघुर हवी होती. पतीवर माझी तक्रार नाही. ते बाहेर बाकावर बसले आहेत.

काल अंगणवाडीतून ऑटोने घरी येताना कुलदीपच्या दुकानासमोर माझा फोन आपोआप वायफायला जुळला. वर नाव आले, आई जेवली का. मी तिथेच उतरून रडले. कुलदीपने डबा तपासून पाहण्यासाठी चालू केला होता. तो म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक लागलं आहे. उद्या सारं पुसून नवीन भरून देतो. तुमचा असन तं बिल दाखवा." बिल आमच्याजवळ नाही. त्याचा उद्या म्हणजे आज.

साहेबांनी वस्तूची ओळखीची खूण विचारली. खूण ते नावच आहे. पासवर्ड मला पाठ आहे, कुलदीपला माहीत नाही. तो मी साहेबांच्या कानात सांगीन, कागदावर देणार नाही. कुलदीपला धरू नका. फक्त त्याने पुसायच्या आधी कोणीतरी माझ्यासोबत चला.

जबाब मला वाचून दाखवला. वर "भंगार संगणक" असे लिहिले होते, त्यातला भंगार शब्द मी खोडायला लावला. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
वत्सला दे. सोमकुवर