पंख्याचं इमान

(२००८ सालची सकाळ. नारायणगावाजवळच्या मळ्यातलं घर. वैमानिक असलेल्या स्नेहलला बघायला मंचरचे पाहुणे यायचे आहेत.)

साळुबाई : म्हंजी? व्हतं ते जेट काढून घेतलं, आन माझ्या नातीच्या हातात पंखा दिला?

स्नेहल : हातात नाही गं आजी, विमानाच्या पंखाला! कंपनी छोटी जेटं परत करतेय. त्यांच्या जागी पंख्याची विमानं येतायत. टर्बोप्रॉप.

साळुबाई : टरबूज?

संपत : टर्बोप्रॉप, आये. आन पावण्यांसमोर यातलं अक्षर काढायचं न्हाई. त्यांना आपण जेट सांगितलंय.

साळुबाई : आपण न्हवं, म्या सांगितलंय. मंचरला, बाजारात, देवळात. आपल्या जीपांच्या पाठीवर रंगवून घेतलंय, 'नात माझी जेटवाली'. आता काय 'पंखेवाली' लिवू? लोकं बिघडलेलं पंखं आणून टाकतील दारात!

स्नेहल : मला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. हो म्हटलं तर लगेच नव्या विमानाचं ट्रेनिंग, दोन-तीन वर्षांत कॅप्टन. नाही म्हटलं तर मोठ्या जेटवर जागा निघेपर्यंत घरी.

संपत : मग बस की घरी. लगीन तरी सुखानं हुईल.

स्नेहल : बाबा, मी उडायला शिकले ते अंगणातून आभाळ बघायला नाही.

साळुबाई : थांब रं संप्या. पोरी, त्या जेटात खोट काय निघाली?

स्नेहल : खोट नाही, तहान. माणसं बसतात पन्नास, आणि तेल पितं भरमसाट. तेल स्वस्त होतं तोवर खपलं. आता सगळ्या सीटा भरल्या तरी भागत नाही.

साळुबाई : तिकीट वाढवायचं.

स्नेहल : वाढवलं की माणूस म्हणतो, मी आपला रात्रीच्या गाडीने जातो.

साळुबाई : आन पंखेवालं?

स्नेहल : माणसं तेवढीच, तेल कितीतरी कमी. मुंबई-कोल्हापूरला उशीर होतो तो चहा प्यायला लागतो तेवढा.

साळुबाई : आगं, मग जेट म्हंजी संप्याचा व्हिडिओ कोचच की!

संपत : आये, त्याचं नाव नको आता.

साळुबाई : का नको? पोरी, तू बालवाडीत व्हतीस. तुझ्या बापानं जुन्नर-नारायणगाव व्हिडिओ कोच घातला. मऊ गाद्या, लाल पडदं, म्होरं टीव्ही. हिरो हिरवीनला भेटायच्या आत नारायणगाव यायचं!

स्नेहल : तस्संच! जेट वर चढून जरा वेग धरतं, तोवर उतरायची तयारी.

साळुबाई : डिझेलचं पैसं बी सुटंनात, म्हणून म्या तो इकला आन जीपा घातल्या. गावातला गेणभाऊ चावडीत म्हणला, साळुबाई कोचावरनं जीपवर आली. म्या म्हणलं, आले, पण माझी गाडी रोज भरून सुटती.

संपत : जीपचं येगळं. पंख्याचं इमान लोकांना जुनाट वाटतं.

स्नेहल : बाबा, आतलं इंजिन जेटचंच असतं. तेच पंखा फिरवतं.

साळुबाई : आं? पोटात जेट हाय, आन तू मघापासनं तोंड पाडून बसलीस?

संपत : झालं तर मग! पावण्यांना जेटच सांगू. खोटं बी न्हाई.

साळुबाई : न्हाई. पोरीनं आभाळात पंखा फिरवायचा, आन सासरी जेटची थाप राखत बसायचं? लई झालं. स्नेहल, तू आदी हापिसाला फोन लाव.

स्नेहल : ...हॅलो, सर? स्नेहल. हो, ठरलं. मी टर्बोप्रॉपवर येतेय.

साळुबाई : आता पोराच्या आईला लाव. आण हिकडं. ...हां, अंबाबाई? साळुबाई बोलती. निघालात का? मग ऐका. आमची पोरगी आता जेटवर न्हाई, पंख्याच्या इमानावर. ...व्हय, भाईर दिसतो तसा पंखा, गरगर फिरणारा. पोरगी तीच, तिची हिंमत तीच. पटलं तर या, न्हाई तर पुरणपोळ्या आमचं डायवर खातील. ...काय? मोठ्यानं बोला. ...बरं. ...बरं, ठेवते.

संपत : मोडलं?

साळुबाई : पोरगा मागनं वरडत व्हता.

संपत : रागानं?

साळुबाई : छ्या! इचारतोय, पंखा दिसंल अशी खिडकी कंच्या बाजूला मिळती.

स्नेहल : ...दोन्ही बाजूंना मिळते म्हणावं.