यादोरावचा फिरता आकडा

...अन् मी म्हणते, माणसाले सुपारीची सवय असावी, तंबाखूची असावी, पण आकड्याची? तुमाले सांगते, आमच्या शेजारच्या यादोरावले होती! १४२८५७! पवनीच्या बाजारात कोणी सांगितला म्हणे, तवापासून हा बाप्पा दिसंल त्याले धरे. "सुलोचनाबाई, याले दोनानं गुणा! २८५७१४! तिनानं? ४२८५७१! खळ्यावर धान चुरताना बैल कसे मधल्या मेढीभोवती फिरतात? कोणी पुढं, कोणी मागं, पण बैल तेच! आकडे तेच जी, फकस्त फिरून राहिले!" मी चौथी शिकलेली बाई, मले काय त्याचं? पण नाही!

इथवर ठीक होतं हो. पण त्याची ललिता लग्नाची झाली ना! पहिल्या स्थळापुढं यानं आकडा काढला, पाहुणे अर्धा चहा टाकून गेले... "घरात वेड दिसते" म्हणे! दुसऱ्याचंही तसंच. आकडे तेच जी, फकस्त पाहुणे फिरून राहिले! मग आणीबाणी उठली त्या साली चिखल्याचं स्थळ आलं. पोरगा खुशाल, खाणीच्या हापिसात कारकून. कौशल्याबाईनं नवऱ्याले आणच घातली, "आज आकडा काढाल तर मी चालली माहेरी!"

अन् मी? मी कुडाच्या फटीशी, दुसरीकडं कुठं असणार! पोहे झाले, पाऊसपाणी झालं, पोरगा मुकाच. शेवटी त्याचा बाप म्हणते, "आमचा खुशाल हिशोबात लय पक्का." झालं! यादोराव उठून कोळसाच घेऊन आला! "लिवा! चार, दोन, आठ, पाच, सात! आता सातानं गुणा, सारे नऊच नऊ येतीन!" कौशल्याबाईनं कपाळावर हात मारला. खुशालनं सारवलेल्या ओट्यावर गुणलं... २९९९९९. पुढं दोन! यादोरावचा चेहरा काय सांगू, खळ्यातून बैल सुटून गेल्यावाणी! पाहुणे चपला शोधून राहिले... इकडं मी गावदेवीले नवस बोलून मोकळी!

तवा आतून ललिता म्हणते, "बाबा, पहिली पायली बाजूले ठेवली का तुमी?"

आता त्यायच्या घरची रीत अशी, का धान मोजताना पहिली पायली गावदेवीची, ती मोजतच नाहीत! अन् बाप सकाळपासून धानच मोजून आलेला... आकड्यातला पहिला एकच बाजूले ठेवला यानं! खुशालनं पुढं एक मांडला, पुन्हा गुणलं. ९९९९९९! मुका पोरगा हासला ना! दाराआडच्या ललिताकडं पाहून म्हणते कसा, "हिशोब तर यायचाच पक्का हाय."

लगीन झालं. ललिता गेली चिखल्याले. यादोरावही देवाघरी गेला, मागच्या हंगामात... कुडापल्याड आता आवाजच नाही. करमत नाही हो! काल सहज सुनेले म्हटलं, "तुळसा, याले दोनानं गुण..." तर म्हणते, "आत्या, दूध उतू जाऊन राहिलं!" अन् पळाली. चुलीवर दूध नव्हतंच! हीच थाप मी यादोरावले मारत होती...

आकडे तेच जी, फकस्त फिरून राहिले. अन् तुमी कुठं उठले? बसा! चारानं गुणाचं राहिलंच ना!