रहाटपाळण्यातले विसूभाऊ

आमच्या कचेरीतल्या विसूभाऊंच्या आवडी किती बदलाव्यात! आधी जत्रेत गेले की गोल फिरणारी चक्री सोडायचे नाहीत. मग म्हणू लागले, "छे, तो पोरखेळ! खरी मजा रहाटपाळण्यातच."

कल्याणच्या जत्रेत त्यांनी होणाऱ्या सासऱ्यांनाच आग्रहाने शेजारी बसवलं. मी मागच्या पाळण्यात होतो. रहाट नेमका त्यांचा पाळणा टोकाला असताना अडकला. विसूभाऊंनी सासऱ्यांच्या गळ्याला मिठी मारून हंबरडा फोडला, "आई गं, मला उतरवा!" त्या झोंबाझोंबीत सासऱ्यांची पगडी खाली चिखलात पडली.

उतरल्यावर विसूभाऊ म्हणाले, "हल्ली मला नावेत बसणंच जास्त आवडतं."

पगडी झटकत सासरे म्हणाले, "आमची मुलगी लग्नाजोगी झाली आहे हो. तुम्ही जरा मोठे व्हा, मग बघू."